ओळख परेडला बोलावलंय? सोलापूरच्या साक्षीदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नायब तहसीलदार म्हणून सोलापूर जिल्ह्यात नोकरी करताना ओळख परेड घेण्याचं, म्हणजे रांगेत उभ्या केलेल्या माणसांत घटनेतला माणूस दिसतो का हे साक्षीदाराला विचारायचं काम अधूनमधून माझ्याकडे यायचं. महसूल खात्यात हे काम कुणालाच आवडत नाही. त्यापेक्षा बांधाची भांडणं परवडली. निवृत्त झालो तरी लोक विचारायला येतात. कुणाचं गंठण हिसकावलेलं, कुणाला हायवेवर अडवून लुटलेलं, कुणाच्या दुकानात दरोडा पडलेला. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदा लिहून काढले. शहर आयुक्तालयाची हद्द असो की ग्रामीण पोलिसांची, पद्धत एकच आहे.

ओळख परेडसाठी निरोप आलाय. तिथे नक्की काय होतं?

आरोपी न्यायालयीन कोठडीत असेल तर परेड बहुतेक वेळा जिल्हा कारागृहातच होते. तुम्हाला आधी एका खोलीत बसवतात. तिथून रांग दिसता कामा नये आणि रांगेतल्यांना तुम्ही दिसता कामा नये. आत कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे माझ्यासारखा महसूल खात्यातला अधिकारी, आणि दोन पंच असतात. आरोपीशी वयाने, उंचीने, अंगाबांध्याने मिळतीजुळती माणसं उभी करतात. त्यांना आम्ही सरळ डमी म्हणतो. आरोपीला हवी ती जागा निवडता येते, कपडे बदलावेसे वाटले तर तेही बदलू देतात. मग तुम्हाला आत बोलावतात आणि घटनेतला माणूस यात दिसतो का, असं विचारतात. तुम्ही जे बोलाल, जे कराल ते पंचनाम्यात लिहिलं जातं.

दुसरा साक्षीदार आत येण्याआधी आरोपीला पुन्हा जागा बदलायची आहे का विचारायचं असतं. ज्यांचं पाहून झालं त्यांना वेगळीकडे बसवायचं, म्हणजे वाट बघणाऱ्यांशी गाठ पडत नाही.

परेड पोलीस का घेत नाहीत?

तपासात पोलिसांपुढे केलेलं निवेदन खटल्यात पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६२ हेच सांगायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १८१ झालं. बोट दाखवून ‘हा’ म्हणणं हेही निवेदनच. मुंबईतल्या बँक दरोड्याच्या रामकिशन मिठनलाल शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५५ च्या आसपासच हे स्पष्ट केलं. त्यामुळे परेड चालू असताना तपास अधिकाऱ्याने तिथे असू नये. तुम्हाला तो दाराशी घुटमळताना दिसला तर दंडाधिकाऱ्यांना बेलाशक सांगा.

मी कोर्टात ओळखणारच आहे. मग आधी ही कटकट कशाला?

कायद्याने खरा पुरावा कोर्टातलीच ओळख, हे बरोबर आहे. परेडचा उपयोग त्याला पुष्टी देण्यापुरता. २००३ च्या मलखानसिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा सांगितलंय, आणि परेड झाली नाही म्हणून खटला आपोआप पडतो असंही नाही.

पण कोर्टात काय दिसतं ते डोळ्यांपुढे आणा. घटनेला तीन-चार वर्षं झालेली. वकील काळ्या कोटात, पोलीस खाकीत, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात एकच माणूस उभा. तिथे बोट कुणाकडे जाणार हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून अनोळखी आरोपीच्या बाबतीत नुसत्या कोर्टातल्या ओळखीवर न्यायाधीश सहसा विसंबत नाहीत. आरोपी तुमच्या गल्लीतला, नावानिशी ठाऊक असलेला असेल तर मात्र परेडला अर्थच नाही.

रांगेत आरोपी असणारच ना? मग त्यातला एक निवडायचा, एवढंच?

सगळ्यात जास्त घात करणारा समज हा.

रांगेत पोलिसांनी संशयावरून पकडलेला माणूस असतो. तुमचं गंठण ओढणारा तोच, हे अजून ठरायचंय. खरा चोर एव्हाना गुलबर्ग्याच्या गाडीत बसून गेलेला असू शकतो. मी साक्षीदार आत आला की पहिलं वाक्य ठरवून टाकलं होतं: ‘तुम्ही पाहिलेला माणूस यात असेल किंवा नसेलही. नसेल तर नाही म्हणा, त्यात काही बिघडत नाही.’ हे वाक्य ऐकल्यावर कित्येकांचे खांदे सैल पडलेले मी पाहिलेत. उगाच ओझं घेऊन आलेले असतात.

आपलं मन कसं चालतं बघा. चादरीच्या दुकानात मनातली नक्षी सांगितली की दुकानदार दहा चादरी पुढ्यात पसरतो. मनातली त्यात नसते. तरी आपण रिकाम्या हाताने उठत नाही. जी त्यातल्या त्यात जवळची, ती उचलतो आणि घरी जाईपर्यंत ‘हीच तर हवी होती’ असं स्वतःला पटवतो. रांगेपुढे तेच होतं. अमेरिकेतल्या गॅरी वेल्स या मानसशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये याला तुलनेने केलेली निवड म्हटलं. साक्षीदार आठवणीशी ताडून पाहण्याऐवजी रांगेतल्यांनाच एकमेकांशी ताडतो आणि बाकीच्यांपेक्षा जो जास्त जुळतो त्याच्यावर बोट ठेवतो. यावर उपाय म्हणून चेहरे एकेक करून दाखवावेत, असं त्यांनी आणि रॉड लिंडसे यांनी १९८५ मध्ये सुचवलं. रांग बरी की एकेक बरं, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. ‘तो नसेलही’ हे आधी सांगावं, यावर मात्र आहे.

मला ओळखता आलं नाही तर पोलीस चिडतील का?

चिडतील कदाचित. चिडू द्या. साक्षीदाराला ओळख पटली नाही म्हणून गुन्हा होत नाही.

डमी कुठून आणतात? आणि किती?

मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये आकडा दिलाय. एक आरोपी असेल तर किमान सहा डमी, दोघे असतील तर दहा ते बारा. एका रांगेत दोनपेक्षा जास्त आरोपी शक्यतो नकोत. दरोड्यात पाच जण पकडले असतील तर परेडी वेगवेगळ्या, आणि डमीही नवे. तेच डमी दुसऱ्या फेरीत आले की साक्षीदाराला नवा चेहरा आपसूक कळतो.

कागदावर सोपं आहे, खरी दमछाक माणसं जमवताना होते. माझ्या एका परेडमध्ये आरोपी बावीस वर्षांचा, किडकिडीत, मानेपर्यंत केस वाढवलेला. आणि गोळा करून आणलेल्यांत दोघे चाळिशीचे, एकाचं पोट सुटलेलं, एकाच्या मिशा कानाला भिडलेल्या. रांग उभी केली आणि मला स्वतःला हसू आलं. प्रकरण ठाऊक नसलेल्या माझ्या ड्रायव्हरला बोलावून विचारलं, ‘यात चोर कोण वाटतो?’ त्याने क्षणात आरोपी दाखवला. परेड तिथेच थांबवली, सगळ्यांना परत पाठवलं, दुसऱ्या दिवशीची तारीख दिली. संबंधित ठाण्याचे साहेब फोनवर चांगलेच तापले होते.

ही ड्रायव्हरची युक्ती माझी एकट्याची नाही. फिर्यादीतलं वर्णन तेवढं सांगून, घटना न पाहिलेल्या माणसाला आरोपी हुडकता येतो का, ही रांग तपासायची जगभर वापरली जाणारी रीत आहे. सरळ सापडला तर रांग खोटी.

खुणांचंही तसंच. आरोपीच्या गालावर वण असेल आणि फिर्यादीत वण लिहिलेला असेल, तर साक्षीदार चेहरा बघतच नाही, वण शोधतो. मग सगळ्यांच्या गालावर त्याच जागी चिकटपट्टी लावायची. दाढी, कपाळावरचा गंध, मनगटावरचं गोंदण, पायातली चप्पलसुद्धा. एकदा सहा जण चपलांत आणि आरोपी एकटा अनवाणी, असा प्रकार पंचांच्या लक्षात आला. माझ्या नव्हता आला.

परेडच्या आधी माझ्या व्हॉट्सॲपवर आरोपीचा फोटो आला. आता काय करू?

गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. चोर सापडला की पेठेतल्या ग्रुपवर फोटो फिरतो, कुणीतरी बातमीचं कात्रण टाकतं, पुतण्या उत्साहाने म्हणतो, ‘काकू, हाच ना तो?’ काकू म्हणतात, ‘हो रे, हाच वाटतोय.’ पंधरा दिवसांनी काकू रांगेपुढे उभ्या राहतात तेव्हा चेहरा ओळखीचा वाटतोच. पण तो भर दुपारी गाडीवरून आलेला चेहरा की मोबाइलवर पाहिलेला, हे सांगणं त्यांच्या हातात उरत नाही. मेंदू चेहरा लक्षात ठेवतो, तो कुठे पाहिला याची पावती जपून ठेवत नाही.

फोटो आला तर मोठा करून बघू नका, कुणाला विचारू नका. पाहिला गेलाच असेल तर लपवू नका. दंडाधिकारी विचारतातच की घटनेनंतर या माणसाला किंवा त्याच्या फोटोला पाहिलंय का. खरं उत्तर द्या, ते लिहून घ्यायला लावा. लपवलंत आणि उलटतपासणीत बाहेर आलं तर तुमच्या बाकीच्या साक्षीवरही पाणी पडतं.

पोलीस ठाण्यात ‘जरा आत येऊन बघून जा’ असं कुणी म्हणालं तरी जाऊ नका. शेख उमर अहमद शेख विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९९८ च्या निकालात हेच झालं होतं. साक्षीदारांना आरोपी आधीच दाखवले गेले होते, त्यामुळे नंतरच्या ओळखीला अर्थ उरला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. आरोपीला कोर्टात नेताना चेहऱ्यावर बुरखा घालतात तो यासाठीच, त्याच्या अब्रूसाठी नाही.

पण तपासात पोलीस स्वतःच अल्बम दाखवतात की?

कुणीच पकडलेलं नसताना धागा मिळावा म्हणून फोटो दाखवायला कायद्याची मनाई नाही. २०१० च्या मनू शर्मा निकालात यावर चर्चा आहे. तिथेही एकच फोटो पुढे करून ‘हा का?’ विचारणं चूक. अनेक फोटो, सारख्या आकाराचे, कुणाच्याही हातात पाटी नसलेले हवेत. आणि अल्बममधून तुम्ही एखादा निवडलात तर पुढच्या परेडचं वजन घटतं, हे तपास अधिकाऱ्याने ध्यानात ठेवायला हवं. सहसा ठेवत नाहीत.

मी ‘शंभर टक्के हाच’ म्हणालो. यापेक्षा आणखी काय हवं?

ते शंभर टक्के कधीचे, हे हवं.

१९८४ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात बर्लिंग्टन इथे एका विद्यार्थिनीवर बलात्कार झाला. ती हुशार होती आणि त्या वेळी ठरवून त्या माणसाचा चेहरा न्याहाळत होती. नंतर फोटोंमधून तिने रोनाल्ड कॉटनला निवडलं, रांगेतूनही त्यालाच. फोटोंत आणि रांगेत, दोन्हीकडे असलेला तो एकटाच होता. निवड झाल्यावर पोलिसांकडून ‘आम्हालाही तोच वाटत होता’ अशी दाद मिळाली. कोर्टात उभं राहीपर्यंत तिच्या मनात तिळमात्र शंका उरली नव्हती. खरा गुन्हेगार बॉबी पूल याला नंतर कोर्टात तिच्यासमोर आणलं, तेव्हा याला मी कधी पाहिलंच नाही, असं ती म्हणाली. १९९५ मध्ये डीएनए चाचणीने कॉटन सुटला. दहा वर्षांहून जास्त तुरुंगात काढून.

ती खोटं बोलत नव्हती. हे समजून घेतल्याशिवाय या विषयातलं काहीच कळत नाही. अमेरिकेत डीएनएमुळे निर्दोष सुटलेल्यांच्या प्रकरणांत दर दहांपैकी सुमारे सातांत साक्षीदाराची चुकीची ओळख हे एक कारण होतं, आणि त्यातले बहुतेक साक्षीदार प्रामाणिक होते.

शाबासकी काय करते यावर १९९८ मध्ये वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांनी प्रयोग केला. चुकीचा माणूस निवडलेल्यांपैकी काहींना ‘छान, बरोबर ओळखलंत’ एवढंच म्हटलं. त्यांची खात्री तर वाढलीच, शिवाय आपण तेव्हा चेहरा नीट पाहिला होता, लक्ष देऊन पाहिला होता, असंही ते सांगू लागले. एका वाक्याने मागची आठवण बदलली.

म्हणून परेडमध्ये बोट दाखवल्याबरोबर, कुणी काही बोलण्याआधी, किती खात्री आहे ते तुमच्या शब्दांत सांगा. ‘नाक आणि चालण्याची ढब तीच वाटते, पण केस तेव्हा बारीक होते’ असं असेल तर असंच. दंडाधिकाऱ्यांनी ते आपल्या भाषेत ‘साक्षीदाराने निःसंशय ओळखले’ असं लिहिलं तर हटकून बदलायला सांगा. सुरुवातीच्या नोकरीत मीही सरसकट ‘निःसंशय’ लिहायचो. छापील मसुद्यातच होतं ते.

रांगेपुढे कुणाकडे बघू नये?

अधिकाऱ्याकडे, शिपायाकडे, दाराकडे. आरोपी माझ्या देखत जागा निवडतो, म्हणजे मला तो ठाऊक असतो. माझी नजर क्षणभर तिकडे गेली तरी पुरे. एका म्हाताऱ्या फिर्यादीला मी रांगेकडे सोडून माझ्याच डोळ्यांकडे बघताना पकडलं. त्यानंतर मी साक्षीदाराच्या मागे उभा राहायला लागलो. खरं तर आरोपी कोण हे परेड घेणाऱ्याला माहीतच नसावं. अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसने २०१४ च्या अहवालात तीच शिफारस केलीय. इंग्लंडमध्ये तर बहुतेक परेडी व्हिडिओवरच होतात, संशयितासोबत किमान आठ जणांच्या चित्रफिती, आणि दोनदा पाहिल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. आपल्याकडे ड्रायव्हर चोर ओळखतो की नाही, यावर भागवावं लागतं.

आम्ही तिघी जणी होतो. एकत्र जाऊ का?

नाही. घटनेनंतरही आपसात ‘तुला कसा दिसला’ ही चर्चा शक्यतो टाळा. संक्रांतीच्या गड्डा जत्रेत होम मैदानावर पर्स गेली, तिघी ओट्यावर बसल्या, एक म्हणाली दाढी होती. संध्याकाळपर्यंत तिघींना दाढी आठवते. कानावर पडलेल्या एका शब्दाने आठवण कशी बदलते, हे एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये अपघाताची चित्रफीत दाखवून अजमावलं. गाड्या ‘टेकल्या’ ऐवजी ‘चक्काचूर झाल्या’ असा शब्द प्रश्नात घातला की लोकांना वेग जास्त आठवायचा.

फिर्याद देताना चेहऱ्याचं वर्णन कसं सांगू?

त्याच दिवशी आणि स्वतःहून. आमच्याकडच्या फिर्यादींत ‘रंग सावळा, बांधा मध्यम, उंची अंदाजे ५ फूट ५ इंच’ हे एवढं ठरलेलं असतं की त्यात अर्धं सोलापूर बसतं, मीसुद्धा. ठाणे अंमलदार घाईत असला तरी तुम्ही जे खरंच पाहिलं तेच सांगा: एक भुवई तुटलेली, बोलताना कानडी हेल, गाडीवर मागे बसलेल्याने उजव्या हाताने ओढलं. आणि काय दिसलं नाही तेही सांगा. हेल्मेट होतं, तोंडाला रुमाल होता, पथदिवा बंद होता, किती सेकंद पाहिलं, किती फुटांवरून. चाकू असेल तर नजर पात्यावर खिळते आणि चेहरा निसटतो. सगळ्यांचंच होतं ते, लाज वाटून घेऊ नका. पुढे परेडमध्ये ओळख पटली तर न्यायाधीश या पहिल्या वर्णनाशीच ताडून बघतात. फिर्यादीत वर्णनच नसेल तर बचावाच्या वकिलाला आयतं कोलीत.

अटकेनंतर किती दिवसांत परेड व्हायला हवी?

कायद्यात मुदत नाही. जितकी लवकर तितकी बरी, आणि उशीर झाला तर पोलिसांना कारण द्यावं लागतं. ‘नायब तहसीलदार निवडणुकीच्या कामात होते’ हे कारण मी स्वतः पुरवलेलं आहे.

आरोपी यायला नकार देऊ शकतो का?

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५४ खाली न्यायालय त्याला हजर राहायचा आदेश देऊ शकतं. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नको, हा घटनेच्या अनुच्छेद २०(३) मधला हक्क इथे आड येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या मुकेश सिंग निकालात सांगितलं. रांगेत उभं राहणं म्हणजे साक्ष देणं नव्हे. ‘मला आधीच दाखवलंय’ ही आरोपीची तक्रार मात्र नोंदवायचीच असते. पुष्कळदा खोटी असते, कधीकधी खरी.

तो मला बघेल, नंतर त्रास देईल, अशी भीती वाटते.

रास्त आहे. पाठीवर किंवा खांद्यावर हात ठेवून ओळख दाखवायची जुनी चाल अजून कुठे कुठे आहे. तुम्ही लांबून डावीकडून कितवा एवढं सांगितलं तरी चालतं. धमकी आली असेल तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो, त्यावर जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती निर्णय घेते. ओळखणारी व्यक्ती दिव्यांग असेल तर परेड न्यायदंडाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली होते आणि तिचं चित्रीकरण सक्तीचं असतं.

आईला मराठी नीट येत नाही, घरी तेलुगू बोलतो.

शहराच्या पूर्व भागातून हा प्रश्न हमखास येतो. कानडी बोलणाऱ्यांनाही लागू. दुभाषा मागा, परेडच्या आधीच मागा, आणि तो त्या ठाण्याचा शिपाई नको. ‘अट्ला उन्नाडु’ म्हणजे ‘तसा दिसतो’. ते पंचनाम्यात ‘तोच आहे’ होऊन उतरलेलं मी पाहिलंय, आणि तेलुगू जाणणाऱ्या पंचाने अडवलं म्हणून कळलं.

सीसीटीव्ही फुटेज आहे. तरी परेड लागते?

लागू शकते. फुटेजमध्ये कोण आहे हे कुणीतरी सांगावंच लागतं. पण ते फुटेज तुम्हाला दाखवण्याआधी तुमचं वर्णन लिहून झालंय ना, तेवढं बघा.

त्या दिवशी सोबत काय न्यायचं?

ओळखपत्र, चष्मा लागत असेल तर घटनेच्या वेळी होता तोच. मोबाइल कारागृहाच्या फाटकावर ठेवावा लागतो. दोन-तीन तास जातील असं धरून खाऊन या. शेवटी पंचनामा वाचून दाखवतात तेव्हा घरी जायची घाई झालेली असते आणि सगळे ‘सही करा, सही करा’ म्हणत असतात. ‘नाही’ म्हणाला असाल तर ‘नाही’ लिहिलंय का, ‘वाटतो’ म्हणाला असाल तर ‘वाटतो’ लिहिलंय का, तेवढं बघून मग पेन उचला.